आधी हळदी, मग रंभाबाई

सुरतेजवळ उधन्याला रेल्वेच्या रुळांपलीकडे खानदेशी कारीगरांच्या खोल्यांची एक लांब ओळ होती. तिथे शेवटून दुसऱ्या खोलीत रंभाबाई राहायची, आणि तिच्या घरी जेवायची एक रीत होती. भाकरी तव्यावरून उतरली की पहिला तुकडा मांजराला. मांजराने तो हुंगावा, खावा, मिशा पुसाव्या, आणि मगच रंभाबाईने आपलं ताट पुढे ओढावं. वरण असलं तर दोन थेंब जमिनीवर. दूध असलं तर चमचाभर बशीत. पाहुणी म्हणून कुणी आलीच, तर ती हे बघून तोंडाला पदर लावायची.

"आपण देवाला नैवेद्य दाखवतो, रंभाबाई मांजराला दाखवते," असं बायका नळावर म्हणायच्या.

ही भूतदया नव्हती. रंभाबाईचं म्हणणं असं, की मांजर चोर असतं पण मूर्ख नसतं. ज्या अन्नात कुणी काही कालवलंय, त्याला ते तोंड लावत नाही. माणसाला जीभ असते, पण ती चवीला भुलते. मांजराचं नाक भुलत नाही.

ही मांजर पिवळ्या रंगाची, म्हणून तिचं नाव हळदी. रंभाबाईचा नवरा दगा याने ती आणली होती. तो लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कारीगर होता, एकदा पाळी संपवून येताना सदऱ्याच्या खिशात हे एवढंसं पिल्लू घेऊन आला आणि म्हणाला, "खात्यात उंदरं फार, तिथे वाढलं तर पट्ट्यात सापडून मरेल." दोन वर्षांनी दगा गेला. मांजर राहिलं.

दगाच्या जाण्यापासूनच ही रीत सुरू झाली. त्रेसष्ट सालची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. पलीकडच्या शेवटच्या खोलीत धुरपदाबाई राहायची. ती रंभाबाईच्याच गावची, सुरतेत दोघींचे संसार एका महिन्यात मांडलेले, मधली भिंत एकच. धुरपदाबाईचे खापरावरचे मांडे, म्हणजे तापल्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या पुरणपोळ्या, साऱ्या ओळीत नावाजलेले. आखाजीला तिने दगाला जेवायला बोलावलं. रंभाबाईला त्या दिवशी शिवायचं नव्हतं, म्हणून ती गेली नाही. संध्याकाळी दगा घरी आला आणि मोरीत ओकला. त्यानंतर तो सावरलाच नाही. भाकरी पुढ्यात घेऊन बसायचा, तुकडा मोडायचा, परत ठेवायचा. गणपती बसायच्या आत तो संपला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने पोटात गाठ आहे असं सांगितलं होतं. रंभाबाईने ते ऐकलं. पण गाठ आपोआप कशी होईल? चांगला धडधाकट माणूस एका घरी जेवतो, त्याच दिवशी ओकतो, आणि मग झिजत जातो. जेवणातून काही दिल्याशिवाय हे होत नाही, हे खानदेशातल्या लहान पोरालाही ठाऊक. तेराव्याला चार माणसं बसलेली असताना ती मोठ्याने म्हणाली, "ज्याने घातलं त्याचं त्याला भोगायला लागेल." म्हणताना तिने नाव घेतलं नाही. फक्त धुरपदाबाईकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

धुरपदाबाईने हातातलं ताट खाली ठेवलं. उठली, भांडी घासली आणि घरी गेली. तिच्या मांड्यांना त्यानंतर कुणी बोलावणं पाठवलं नाही. लग्नकार्यात खापर मांडलं जायचं ते दुसरीच्या हाताखाली.

एवढं झाल्यावर रंभाबाईचा संशय शांत व्हायला हवा होता, पण संशयाचं पोट कधी भरत नसतं. तो वाढला. पाण्याच्या माठावर झाकण, झाकणावर फडकं, फडक्याला गाठ. रेशनची ज्वारी तीनदा निवडायची. काळा दाणा दिसला की वाण्याला शिव्या. भरवाड दूध घालायला आला की त्याच्या हाताकडे बघत राहायची. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा तिथे तोंडात घालायची नाही. पदराच्या टोकात बांधून घरी आणायची आणि आधी हळदीला द्यायची. हळदी शिरा आवडीने खायची, म्हणून सत्यनारायण बिचारा दर वेळी निर्दोष सुटायचा.

अडुसष्ट साली तापीचं पाणी आलं तेव्हा लोकांना फूड पाकिटं वाटली. बायका पोरांना घेऊन तुटून पडल्या. रंभाबाई माळ्यावर मांजराला मांडीत घेऊन बसली होती. तिने पुरी तोडून हळदीपुढे धरली, हळदीने खाल्ली, मग ती जेवली.

पोटासाठी ती कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. खात्यातून सुताच्या गुंड्या यायच्या आणि रंभाबाई घरच्या रहाटावर कांड्या भरून द्यायची. उजव्या हाताने रहाट फिरवायचा, डाव्या हाताच्या बोटांतून सूत सोडायचं. सूत तुटलं की टोक दातांनी तोडून गाठ मारायची, आणि उरलेलं टोक फेकून न देता डाव्या तर्जनीला गुंडाळायचं. साऱ्या कांडीवाल्यांची हीच सवय, कारण खाली पडलेलं सूत रहाटात अडकतं. दिवस मावळेपर्यंत बोटावर एक जाड रंगीत अंगठी तयार व्हायची. संध्याकाळी ती ओढून डब्यात टाकायची.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात हळदी भाकरीचा काठ सोडू लागली.

मधला मऊ भाग खायची, काठ हुंगून ठेवायची. रंभाबाईने तो काठ उजेडात धरून बघितला. पिठाचा वास घेतला. मग गिरणीत जाऊन गिरणीवाल्याला विचारलं, "माझ्या आधी कोणाचं दळण होतं?" तो म्हणाला, "मावशी, सकाळपासून दहा जणींचं झालं, कोणाचं नाव सांगू?" तिला उत्तर पटलं नाही. तिने त्या दिवसापासून काठ आपणही खाणं सोडलं. हळदी मधला भाग खाते, म्हणजे मधलाच भाग चांगला.

मग हळदीने मधला भागही सोडला. आता रंभाबाई भाकरी दुधात कुस्करून देऊ लागली. रहाटावरून उठायला नको, म्हणून उजवा हात दांड्यावरच ठेवून डाव्या हातानेच वाटीत कुस्करायची आणि वाटी बाजूला सरकवायची. तेव्हा मात्र हळदी खायची. चार-सहा दिवस ठीक गेले. रंभाबाईला वाटलं, दोष पिठातच होता, दुधाने तो मारला.

आखाजीच्या दिवशी दुपारी तिने हळदीला धुरपदाबाईच्या मागच्या पडवीतून येताना बघितलं. हळदी जिभेने ओठ चाटत होती. आतून खापरावरच्या मांड्यांचा वास येत होता. धुरपदाबाई कुणी खायला येवो न येवो, आखाजीला मांडे करायचीच.

दुसऱ्या दिवशी हळदी ओकली.

आधी दूध ओकली, मग पिवळं पाणी. नंतर नुसतीच मान लांब करून खोकल्यासारखं करायची, तोंडातून लाळ लोंबायची. वाटीजवळ यायची, हुंगायची, खाली बसायची, वाटीकडे बघत राहायची आणि उठून जायची.  हे रंभाबाईने आधी बघितलं होतं. असाच दगा भाकरीकडे बघत बसायचा.

आता तिच्यापुढे दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक म्हणजे हळदी मरणार. दुसरी गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती: हळदी खात नाही तोवर रंभाबाईला खाता येत नव्हतं. तिने भरवाड बदलला. हळदीने नव्या दुधालाही तोंड लावलं नाही. दुसऱ्या वाण्याकडून तांदूळ आणले, भाताला नाही. पाणी पार मारुतीच्या देवळापलीकडच्या विहिरीवरून आणलं. हळदीने बशीतल्या पाण्यावर नाक टेकवलं आणि मान फिरवली. ज्या घरात मांजर पाण्यालाही शिवत नाही, तिथे आपण काय गिळायचं? रंभाबाई गुळाचा खडा चघळून दिवस काढू लागली. गूळ जुना होता, हळदी बरी असताना पास झालेला. रहाट फिरवताना तिला घेरी यायची. खात्यातून कांड्या न्यायला आलेला माणूस म्हणाला, "रंभाबाई, कांड्या ढिल्या भरल्यात. तब्येत बरी नाही का?" तिने त्याच्याकडेही संशयाने बघितलं.

अशाच एका सकाळी नळावर धुरपदाबाई तिच्या मागे उभी राहिली. दहा वर्षं ती रंभाबाई असेल तेव्हा नळावर यायची नाही. घरच्या बोलीत हळूच म्हणाली,

"रंभा, मांजर खात नही का वं?"

"तुले कोन सांगं?"

"भिताडमाईन आयकू येस. ओकी राहिनी ना ती?"

रंभाबाईने हंडा खाली ठेवला. नळावरच्या बायकांनी आपापली धुणी थांबवली. रंभाबाईला तेच हवं होतं. म्हणाली, "आखाजीले तुन्हा घर ऊनथी ती. दुसरा दिन ओकनी. दगा ओकना तशी."

 नळाची धार तेवढी हंड्यात पडत होती. धुरपदाबाईच्या तोंडावर राग आला नाही, आणि रंभाबाईला त्याचाच राग आला.

"चाल," धुरपदाबाई म्हणाली.

"कोठे?"

"ढोरना दवाखानामा. डाक्टरले दखाडू. मी काही घालेल व्हई, तर तो सांगी. मंग ह्या बायांसमोर मन्हा तोंडले काय फासनं ते फास."

"आनि नही सांगं तर?"

"तर मन्हा घर चहा पी. मांजरले न देता."

एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. रंभाबाई घरी गेली, हळदीला भाजीच्या टोपलीत घातलं, वर दुसरी टोपली उपडी घालून सुतळीने बांधली. एका कागदात हळदीने ओकलेलं खरवडून घेतलं. पुरावा हवा. धुरपदाबाई दाराबाहेर उभीच होती. दोघी रस्त्याने चालल्या त्या पुढे-मागे, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. पण रंभाबाईला अन्नावाचून चालवेना. पुलाच्या चढावर तिने टोपली खाली ठेवली. धुरपदाबाईने न विचारता ती उचलली. रंभाबाईची नजर तेव्हापासून टोपलीवरच. वाटेत धुरपदाबाई झाकणाशी काही करते का, हे ती बघत होती.

जनावरांच्या दवाखान्यात एक बैल, दोन म्हशी आणि त्यांची माणसं होती. मांजर घेऊन आलेल्या बायका बघून म्हशीवाला म्हणाला, "बा, आने केटलुं दूध छे?" मांजर किती दूध देतं, हा त्याचा विनोद. कुणी हसलं नाही म्हणून तो आपणच हसला.

डॉक्टर उतारवयाचा गुजराती गृहस्थ होता. त्याने आधी कागदातलं बघितलं, मग रंभाबाईकडे. तिने सगळं सांगितलं: भाकरीचा काठ, आखाजी, मांडे. दगाचंही सांगायला लागली, तेव्हा तो हिंदीत म्हणाला, "बेन, पहले इसका मुँह देखने दो."

धुरपदाबाईने हळदीचे चारही पाय पंच्यात गुंडाळून धरले. डॉक्टरने जबडा उघडला. "दात कहाँ हैं इसके? दो बचे हैं. मसूड़ा सूजा है. इसलिये किनारा नहीं खाती थी. बूढ़ी हो गयी." रंभाबाईच्या डोक्यात गिरणीवाला येऊन गेला. मग डॉक्टरने अंगठ्याने खालून जीभ वर उचलली आणि उजेडाकडे मान वळवली.

"आ तो दोरो छे," तो स्वतःशीच म्हणाला.

जिभेच्या मुळाला दोऱ्याचा वेढा बसला होता. जीभ तिथे कापल्यासारखी लाल झाली होती आणि दोऱ्याची दोन्ही टोकं घशात खाली गेली होती. दोरा पोपटी रंगाचा होता.

त्या महिन्यात साऱ्या ओळीत पोपटी सूत एकाच घरी आलं होतं. रंभाबाईने आपला डावा हात बघितला. तर्जनीवर सकाळची अर्धी अंगठी तशीच होती, पोपटी. याच हाताने ती वाटीत भाकरी कुस्करत होती. तिने हात पदराखाली घेतला. पण धुरपदाबाई समोरच उभी होती, मांजर धरून. तिने बोट बघितलं, दोरा बघितला आणि नजर भिंतीवरच्या बैलाच्या चित्राकडे वळवली.

डॉक्टर सांगत होता, की हा ओढायचा नाही, ओढला तर आतडं फाटेल. त्याने बारीक कात्रीने जिभेखालचा वेढा तेवढा कापला. पातळ तेलाची बाटली दिली. "गोला होके निकल गया तो बच जायेगी. अटका, तो इस उमर में मैं पेट नहीं खोलूँगा." मग आठवण झाल्यासारखा म्हणाला, "जहर-वहर कुछ नहीं. और आप, बेन, आप कब से नहीं खाये?"

रंभाबाई टोपलीची सुतळी बांधू लागली.

परतीच्या वाटेवर दोघींतलं अंतर तेवढंच होतं, पण टोपली आता दोघींनी दोन बाजूंनी धरली होती.  खोल्यांपाशी आल्यावर धुरपदाबाईने आपली बाजू सोडली आणि सरळ आपल्या दारात शिरली. नळावरच्या पैजेचं नावही काढलं नाही. काढलं असतं तर रंभाबाईला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

रंभाबाई टोपली घेऊन तिच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"चहा राहिना," ती म्हणाली.

आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. रंभाबाई आत जाऊन भिंतीला टेकून बसली. दहा वर्षांत या बाजूने तिने ही भिंत बघितली नव्हती. खापर कोपऱ्यात पालथं घातलेलं होतं. त्याला काजळी होती, म्हणजे अजून वापरात होतं. धुरपदाबाईने पातेलं तिच्या समोर ठेवून चहा केला, साखरेचा डबा तिच्या समोर उघडला, दूध तिच्या समोर ओतलं. सगळं दिसेल असं. कप-बशी पुढे सरकवली.

रंभाबाईचा हात सवयीने बशीत दोन थेंब ओतायला गेला आणि थांबला. टोपलीत हळदी डोळे मिटून पडली होती. तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

"धुरपदा," तिने विचारलं, "त्या आखाजीले दगानी तुन्हा घर काय खादं?"

"काही नही."

"खोटं नको बोलू."

"मांडाना एक तुकडा तोडा. तोंडमा घाला, गिळता ऊना नही, बाहेर काढा. माले म्हने, वहिनी, महिनाभर व्हई गया, घसाखाले उतरत नही. रंभाले सांगू नको, ती घाबरी जाई." धुरपदाबाईने स्टोव्हची हवा सोडली. "मी म्हनं, नही सांगत."

"आनि तेराव्याले? तेव्हा तरी सांगती."

"तू मानती का?"

रंभाबाईने विचार केला. खरं तेच बोलायची वेळ होती. "नही," ती म्हणाली.

आणि आतासुद्धा तिच्या मनात आलं, की हे खरं कशावरून? दगा नाही, साक्षीला कुणी नाही. ही बाई दहा वर्षांत गोष्ट रचू शकते. चहावर साय धरू लागली होती. पण दगा असाच होता, हेही तिला ठाऊक होतं. खात्यात पट्टा लागून बोट फाटलं, तेव्हा त्याने आठवडाभर हात खिशात ठेवून तिला दाखवला नव्हता. "घाबरशील" म्हणाला होता. हाच शब्द.

तिने चहा बशीत ओतला आणि प्यायली. गोड होता. पोटात गेल्यावर कळ आली, आणि क्षणभर तिला वाटलं, झालं, घातलंच हिने. मग कळलं, ती भुकेची कळ होती. धुरपदाबाईने कालची भाकरी पुढे ठेवली. रंभाबाईने ती काठापासून खायला सुरुवात केली.

हळदीसाठी मोरीजवळ राखेचं घमेलं असायचं. पुढचे काही दिवस रंभाबाई रहाटाला हात न लावता त्या घमेल्याशी बसून राहिली. तेल पाजायला हळदीला दोघींनी धरावं लागायचं, म्हणून धुरपदाबाई सकाळ-संध्याकाळ यायची. पाजलेलं निम्मं तेल दोघींच्या लुगड्यांवर जायचं. धुरपदाबाई म्हणायची, "मांजरनं पोट साफ व्हवो ना व्हवो, आपला लुगडा साफ व्हनार नहीत." रंभाबाई हसायची नाही, पण लुगडं बदलायलाही उठायची नाही.

मग एका दुपारी राखेत एक काळपट गोळा मिळाला. काडीने फोडला तर आत पोपटी सूत. रंभाबाईने मधल्या भिंतीवर मुठीने तीनदा ठोकलं. पलीकडून "काय व?" असं आलं, आणि मग चपला न घालताच धुरपदाबाई धावत आली. दोघी घमेल्यावर ओणव्या होऊन ते सूत अशा बघत होत्या, की कुणाला वाटावं राखेत सोनं सापडलंय. संध्याकाळी हळदीने भाताची पेज चाटली. सगळी नाही, पण बशी ओली होईल इतकी.

हळदी त्यानंतर दोन हिवाळे जगली. कमी खायची, मऊ खायची, आणि मध्येच जेवण सोडून कुठेतरी बघत बसायची, म्हातारपण म्हणायचं. रंभाबाई रहाटावर बसायची तेव्हा वाटीला शिवायची नाही. उठून, बोटावरचं सूत काढून, हात धुऊन मग भाकरी कुस्करायची. कुस्करल्यावर बोटांनी चाचपून बघायची. एवढ्यानेही समाधान व्हायचं नाही, म्हणून त्यातला एक घास आधी आपल्या तोंडात घालायची, जिभेवर घोळवायची, दोरा नाही ना बघायची, आणि मग वाटी हळदीपुढे ठेवायची.

नळावरच्या बायकांना नवं मिळालं. "आता मांजराला नैवेद्य, आणि रंभाबाई देव."

पुढच्या आखाजीला धुरपदाबाईच्या खापराशी रंभाबाई पीठ मळायला बसली होती. मांडे खायला ओळीतली माणसं आली. आधी दोन-चार, मग बाकीची. पहिला मांडा खापरावरून उतरताच रंभाबाईने सगळ्यांसमोर तोडून तोंडात घातला.

भरवाडावरचा तिचा संशय मात्र शेवटपर्यंत गेला नाही. दुधात पाणी असायचंच.